फुकटचा सर्व्हर आणि आमच्या तालुक्यातली पोरं

तालुक्याच्या गावात पत्रकाराकडे लोक कशासाठी येतात? रस्त्यातला खड्डा, रेशनच्या मशिनवर न उमटणारा अंगठा, पीकविम्याची रखडलेली रक्कम, नेत्याच्या वाढदिवसाची जाहिरात. गेल्या दोन-तीन वर्षांत यात एका नव्या मागणीची भर पडलीय. विशीच्या आतबाहेरची पोरं येतात आणि जरा चाचरत विचारतात, "काका, तुमच्याकडं इंटरनॅशनल चालणारं कार्ड आहे का? पैसे नाही कापत. नुसतं व्हेरिफिकेशनला पाहिजे."

कशाला पाहिजे? फुकटचा सर्व्हर घ्यायला. आणि सर्व्हर कशाला? ग्रुपवर गाणी वाजवणाऱ्या बॉटला.

हसू नका. मीही विषय किरकोळ म्हणून सोडून देणार होतो, पण जरा खोलात गेल्यावर तो कार्ड, बँक, कंपन्यांची धोरणं, कॉपीराइट आणि कॉलेजच्या कुलूपबंद लॅबपर्यंत गेला. म्हणून ही लांब पोस्ट. चहा घेऊन बसा.

आधी प्रकरण काय ते सांगतो. डिस्कॉर्ड हे गप्पांचं अ‍ॅप, २०१५ साली गेम खेळणाऱ्यांसाठी निघालेलं. आमच्याकडची पोरं त्यावर बीजीएमआय खेळता खेळता आली आणि मग तिथंच राहिली. दहावीला एका वर्गात असलेली पंधरा-वीस पोरं. आज कुणी चाकणला कंपनीत, कुणी पुण्यात एमपीएससीची रूम घेऊन, कुणी हैदराबादला, उरलेली गावात. रात्री दहानंतर सगळी एका व्हॉइस चॅनेलवर जमतात. कुणीतरी गाण्याचं नाव टाइप करतं, बॉट ते गाणं लावतो आणि सगळ्यांना तेच गाणं त्याच क्षणी ऐकू येतं. पूर्वी पारावर एक रेडिओ आणि दहा माणसं असायची, तसंच हे.

पूर्वी यासाठी कुणाला सर्व्हर लागत नव्हता. ग्रूव्ही आणि रिदम नावाचे दोन मोठे बॉट आयते मिळायचे आणि जगभरातल्या लाखो ग्रुपांत तेच चालायचे. यूट्यूबने त्यांना नोटिसा दिल्या. ग्रूव्ही ३० ऑगस्ट २०२१ ला बंद झाला, रिदम १५ सप्टेंबर २०२१ ला. मग ज्याला हौस त्याने स्वतःचा छोटा बॉट करायला घेतला. करणं अवघड नाही, बराचसा कोड तयार मिळतो. अवघड आहे तो चालू ठेवणं. एका पोराने मला एका वाक्यात समजावलं: "काका, लॅपटॉपचं झाकण लावलं की बॉट मेला."

बॉटचे दोन भाग असतात. एक भाग तुमचा हुकूम ऐकतो, म्हणजे 'हे गाणं लाव', 'पुढचं', 'थांब'. हे काम हलकं, अगदी साध्या मशिनवर चालतं. दुसरा भाग गाणं कुठून तरी ओढून आणतो, उलगडतो, ओपस नावाच्या पद्धतीत पुन्हा बांधतो आणि २० मिलिसेकंदांचा एकेक तुकडा करून, सेकंदाला ५० तुकडे या वेगाने डिस्कॉर्डकडे पाठवत राहतो. मध्ये जरा खंड पडला की गाणं अडखळतं. म्हणून हे जड काम वेगळ्या सर्व्हरकडे देतात. त्यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सॉफ्टवेअर म्हणजे लावालिंक. ते जाव्हावर चालतं, फुकट आहे, मुक्त स्रोत आहे. सॉफ्टवेअर फुकट, पण ते चोवीस तास ज्यावर चालायचं ते मशीन कुणाचं?

इथं थोडं गणित करू. डिस्कॉर्डच्या व्हॉइस चॅनेलचा नेहमीचा दर ६४ किलोबिट प्रति सेकंद. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, तासाला साधारण २९ एमबी. ऐकणारे वीस असले तरी बॉट एकच प्रवाह पाठवतो, पुढची वाटणी डिस्कॉर्ड करतं. रोज रात्री पाच तास धरले तर दिवसाला १४४ एमबी, महिन्याला सव्वाचार जीबीच्या आसपास. आपल्या मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीपुढे हे काहीच नाही. गरज एवढीशी आहे. पण ती रोज, न चुकता भागली पाहिजे.

आता 'फुकट' म्हणून जे मिळतं ते बघू.

हेरोकू. हे या सगळ्यांचं पहिलं माहेरघर. तिथं फुकटात महिन्याला ५५० तास मिळायचे आणि कार्ड जोडलं तर १०००. महिन्याचे तास ३०×२४, म्हणजे ७२०. कार्ड असलेल्याचा बॉट महिनाभर चालायचा आणि कार्ड नसलेल्याचा २३ तारखेच्या सुमारास बंद पडायचा. पोरं गमतीने म्हणायची, "पगार संपला बॉटचा." मग ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने जाहीर केलं की फसवणूक आणि गैरवापर आवरण्यात फार शक्ती जाते, आणि २८ नोव्हेंबर २०२२ पासून फुकटची सोय बंद केली.

ग्लिच. शिकणाऱ्यांसाठी फार गोड जागा होती. ब्राउझरमध्ये कोड लिहा, तिथंच चालवा. जुलै २०२५ मध्ये तिथलं होस्टिंगही बंद झालं.

रेंडर. महिन्याला ७५० तास फुकट, म्हणजे कागदावर पूर्ण महिना. पण मेमरी ५१२ एमबी, त्यात जाव्हा जेमतेम मावते. आणि १५ मिनिटं बाहेरून कुणी दार वाजवलं नाही की सर्व्हर झोपतो. म्हणून पोरं दुसऱ्या एखाद्या फुकट सेवेकडून दर पाच मिनिटांनी त्याला टिचकी मारवून घेतात. एका फुकटाला जागं ठेवायला दुसरं फुकट!

गूगल क्लाउड. एक छोटं मशीन कायमचं फुकट आहे, पण ते अमेरिकेतल्या ठरावीक ठिकाणीच, आणि तिथून बाहेर जाणारा डेटा महिन्याला १ जीबी. वरचं गणित लावा: रोज १४४ एमबी, म्हणजे सातव्या दिवशी कोटा संपला. त्यापुढचं बिल कार्डावर.

ओरॅकल. सगळ्यात दिलदार म्हणून याची कीर्ती. २०२१ पासून एआरएम प्रकारच्या मशिनचे ४ कोअर आणि २४ जीबी मेमरी फुकट द्यायला त्यांनी सुरुवात केली. एका गाण्याच्या बॉटला हे म्हणजे दुचाकीच्या पार्किंगला बाजार समितीचं आवार. पण नोंदणीला कार्ड हवंच. मशीन मागितलं की बरेचदा 'सध्या जागा नाही' असा निरोप येतो. आणि सात दिवस मशीन फारसं वापरात दिसलं नाही तर ते काढून घेण्याचा हक्क कंपनी राखून ठेवते. गाण्याचा बॉट दिवसभर रिकामाच असतो, हे लक्षात घ्या.

या यादीतून मला जे दिसलं ते असं. फुकटचा सर्व्हर हा कंपनीचा जाहिरातखर्च असतो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, पैसे देऊन घ्याल, या आशेवर तो चालतो. आशा फळेनाशी झाली की हिशेब बंद. यात कंपन्यांना शिव्या देण्यासारखं काही नाही, त्यांनी धर्मशाळा काढलेली नाही. पण आपल्या पोरांचं शिकणं दुसऱ्याच्या जाहिरातखर्चावर उभं आहे, हे आपल्याला कळायला हवं.

आता कार्डाकडे येतो, कारण खरी गोम तिथं आहे.

कंपन्या कार्ड मागतात ते एकाच माणसाने शंभर खाती काढू नयेत म्हणून. त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. पण आमच्या पोराकडे काय असतं? जनधनचं किंवा साधं बचत खातं आणि रुपे कार्ड. परदेशी साइटवर ते बहुतेक वेळा चालत नाही. दुसरं कार्ड असलं तरी रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशिनपुरतंच सुरू असतं. ऑनलाइन आणि परदेशी वापर आपण सांगून सुरू करून घ्यायचा. नियम चांगला आहे, त्याने कितीतरी लोकांचे पैसे वाचले असतील. पण एक पोरगा हे सुरू करून घ्यायला इथल्या एका बँकेत गेला, तर काउंटरवरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "परदेशात काय घेणार आहेस तू?" पोरगा परत आला. त्याच्या बापाचं कार्ड आहे, पण त्यात दुधाचे पैसे येतात. ते परदेशी साइटवर टाक असं मी तरी त्याला सांगणार नाही. यूपीआयने चहापासून ट्रॅक्टरच्या डिझेलपर्यंत सगळं होतं, पण ही पोरं ज्या फुकट सर्व्हरच्या मागे असतात तिथं दारावर कार्डच मागतात.

म्हणजे फुकट आहे, पण ते ज्याच्याकडे आधीच काहीतरी आहे त्याला. पुण्या-मुंबईच्या पोराच्या घरात आईचं किंवा बाबांचं क्रेडिट कार्ड असतं, पाच मिनिटांत काम होतं. आमच्याकडचा पोरगा तिथंच अडकतो आणि मग आडवाटा शोधतो. त्या आडवाटांबद्दल लिहिण्यासाठीच खरं तर बसलोय.

पहिली आडवाट: '९९ रुपयांत लाइफटाइम होस्टिंग'. टेलिग्रामवर कुणीतरी विकतो, यूपीआयने पैसे घेतो, महिनाभर चालतं, मग चॅनेल गायब. आमच्या गावातल्या चौघांचे असे गेले. सायबर फसवणुकीला १९३० हा नंबर आहे, पण ९९ रुपयांसाठी कोण फोन करणार? विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. माझं म्हणणं, करा. रक्कम लहान असली तरी तोच खातेक्रमांक शंभर तक्रारींत सापडला तर पोलिसांना धागा मिळतो.

दुसरी आडवाट: दुसऱ्याने वाटलेला लावालिंक सर्व्हर. पत्ता, पोर्ट, पासवर्ड अशा याद्या फिरत असतात. कुणाच्या तरी उदारपणावर त्या चालतात, आणि उदार माणसंही असतात. पण तुमच्या ग्रुपवर कुठलं गाणं कधी मागितलं, हे त्या सर्व्हरच्या मालकाला दिसतं. तो कधी बंद करेल ते तुमच्या हातात नाही. उलट बाजूही बघा. लावालिंकच्या नमुना फाइलमध्ये एक पासवर्ड आधीच लिहिलेला असतो, जगजाहीर. बरेच जण तो न बदलताच सर्व्हर उघडा ठेवतात. घराला कुलूप लावायचं आणि किल्ली दारावरच टांगायची, असला प्रकार. आधी तो बदला.

तिसरी आडवाट सगळ्यात वाईट, ती टेलिग्रामवाल्यांची. टेलिग्रामच्या ग्रुप कॉलमध्ये गाणं वाजवायला साधा बॉट पुरत नाही, एखाद्या माणसाचं खातं जोडावं लागतं. त्यासाठी 'सेशन स्ट्रिंग' नावाची अक्षरांची लांबलचक माळ तयार करतात. "मी तुझा बॉट फुकट लावून देतो, फक्त स्ट्रिंग पाठव" असं सांगणारे भेटतात. पालकांनी आणि पोरांनी हे वाक्य नीट वाचा: ती स्ट्रिंग म्हणजे तुमचं अख्खं टेलिग्राम खातं. ती ज्याच्या हातात, त्याला तुमचे मेसेज वाचता येतात आणि तुमच्या नावाने पाठवताही येतात. ओटीपी देऊ नका हे आपण आता आज्जीलाही शिकवलंय. स्ट्रिंगचं कुणी शिकवलेलं नाही. चुकून दिली असेल तर टेलिग्रामच्या सेटिंगमध्ये डिव्हाइसेसमध्ये जा आणि अनोळखी सेशन लगेच बंद करा.

आता कॉपीराइटचं. यावर पोरांचं आणि माझं भांडण होतं. ती म्हणतात, आम्ही कुठं विकतोय, मित्रांनाच ऐकवतोय. मी म्हणतो, यूट्यूबच्या अटींत असं गाणं बाहेर ओढायला परवानगी नाही, आणि कोट्यवधी ऐकणारे असलेले बॉट त्याच कारणाने गेले. व्यवहाराची बाजूही आहे. मोठ्या डेटा सेंटरच्या पत्त्यांवरून असं ओढणं यूट्यूब आता ओळखतं आणि 'तुम्ही बॉट नाही ना, साइन-इन करा' म्हणून अडवतं. लावालिंकनेही यूट्यूबचा भाग मूळ सॉफ्टवेअरमधून काढून वेगळ्या प्लगिनमध्ये टाकलाय. म्हणजे इतकी यातायात करून मिळवलेला फुकटचा सर्व्हर ज्या कामासाठी घेतला, तेच काम तिथं अडतं.

मग वाजवायचं काय? हा प्रश्न मी त्यांना विचारला आणि उत्तर त्यांच्याकडूनच आलं. आमच्या भागात सप्ताह बसतो. भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंग प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पडलेल्या असतात. अभंग संतांचे, त्यांच्या शब्दांवर आज कुणाचा मालकीहक्क नाही. गाणारी माणसं आपल्याच गल्लीतली, त्यांना विचारता येतं. चाल पारंपरिक असली, मंडळाने परवानगी दिली, की काम झालं. लावालिंक सर्व्हरवर ठेवलेल्या साध्या ऑडिओ फाइलही वाजवतं. एका पोराने असा फोल्डर केला. काकड्याचे अभंग, एका आजोबांचा पखवाज, शाळेच्या गॅदरिंगची गाणी. चाकणच्या रूमवर बसून आपल्या आजोबांचा पखवाज सगळ्या मित्रांबरोबर ऐकणं म्हणजे काय, हे त्या नातवाला विचारा.

आणि मशीन? माझं सरळ मत: शक्य असेल तर घरचा जुना लॅपटॉप वापरा. स्क्रीन फुटलेला, कीबोर्ड गेलेला चालेल. बॉट आणि लावालिंक एकाच मशिनवर ठेवले तर बाहेरून कुणाला आत यायची गरज नाही, जोडणी आतूनच बाहेर जाते. त्यामुळे गावच्या केबलवाल्याच्या इंटरनेटवरही चालतं, वेगळा आयपी विकत घ्यावा लागत नाही. वीज? २० वॅट धरले तर चोवीस तास, तीस दिवसांचे १४.४ युनिट. तुमच्या बिलावरचा दर लावून बघा आणि घरात तसं सांगा, म्हणजे आई रात्री बटण बंद करणार नाही. लाइट गेली तर लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, राऊटरला एक छोटा यूपीएस लावला की झालं. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र तो लॅपटॉप वापरू नका. आणि फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. घरचा सर्व्हर कंपनी बंद करू शकत नाही, पण उंदीर वायर कुरतडू शकतो.

ज्याच्या घरी जुना लॅपटॉपही नाही, त्याचं काय? इथं मला आपल्या संस्थांशी बोलायचंय.

आमच्या तालुक्यात कॉलेज आहे, आयटीआय आहे. दोन्हीकडे कॉम्प्युटर लॅब आहे. संध्याकाळी पाचला कुलूप लागतं. कपाटामागे 'राइट ऑफ' झालेली मशिनं धूळ खात असतात. त्यातलं एक जरी रात्रंदिवस चालू ठेवलं, त्यावर लिनक्स टाकलं, वीस पोरांना वीस खाती दिली, एका सरांकडे जबाबदारी दिली आणि नियमांचा एक कागद भिंतीवर लावला, तर खर्च किती येईल? एका मान्यवराच्या सत्काराच्या शाल-श्रीफळापेक्षा जास्त येणार नाही. वाचनालयानेही हे करावं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला, कारण पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्यालाही ते वाचायला मिळावं. मग मशीन विकत घेण्याची ऐपत नसलेल्याला चालवून बघायला मिळावं, यात वेगळं काय आहे?

कुणी म्हणेल, गाणी वाजवायला सरकारी वीज? मी उत्तर देतो. या बॉटच्या नादाने पोरं लिनक्सच्या काळ्या पडद्यावर हुकूम द्यायला शिकली, लॉग वाचायला शिकली, पासवर्ड कुठं ठेवू नये हे शिकली. त्यातल्या एकाने गेल्या पावसाळ्यात धरणाचा विसर्ग जाहीर झाला की नदीकाठच्या ग्रुपवर मेसेज टाकणारा बॉट केला. अधिकृत इशारा तो इशाराच, त्याला पर्याय नाही, हे मी त्याला बजावलं. पण तो बॉटही त्याच फुकट सर्व्हरवर होता, १५ मिनिटांनी झोपणाऱ्या. गाणं अडखळलं तर कुणाचं बिघडत नाही. नदीकाठच्या माणसाला रात्री दोन वाजता मेसेज जायचाय आणि सर्व्हर झोपलाय, हे परवडणारं नाही. गाण्याच्या बॉटवर शिकलेला हातच उद्या अशी कामं करणार आहे. त्याला शिकायला नीट जागा द्यायची की ९९ रुपयेवाल्याच्या दारात पाठवायचं, हे आपण ठरवायचं.

मी आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांना आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीला याच मजकुराचं पत्र दिलंय. पोच घेतलीय. उत्तर आलं की इथं टाकेन, नाही आलं तरी टाकेन. तुमच्या गावात एखाद्या संस्थेने असं मशीन पोरांना दिलं असेल तर नक्की कळवा, मला बातमी करायचीय. आणि ही पोस्ट तुमच्या ओळखीच्या एखाद्या मुख्याध्यापकाला, प्राचार्याला किंवा ग्रंथपालाला पाठवा. नाव काढून पाठवलीत तरी माझी हरकत नाही.